मॅग्नम रिव्हॉल्व्हर तापतंय, घट्ट होतंय, वरच्या पट्टीला रेघ पडली? पावडर बदलायच्या आधी हे बघा

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. मी ॲरिझोनात फिनिक्सला राहतो, इथे स्वतःच्या वापरापुरती घरी काडतुसं भरणं कायदेशीर आहे आणि लोक गॅरेजमध्ये प्रेस लावून आरामात रिलोडिंग करत बसतात. भारतात लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात सरळ गुन्हा आहे, तेव्हा गावाकडच्या दोस्तांनी नुसतं वाचायचं, हात लावायचा नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला होतो, त्यामुळे शूटिंगचं कौतुक आमच्याकडच्या नेमबाज राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यापासूनच, आणि मायक्रोमीटर हातात आला की मला बरं वाटतं. (आईला एकदा फोनवर बोलून गेलो की रात्री दारू मोजत बसलो होतो. पुढचा अर्धा तास ती बंदुकीची दारू आहे हे पटवण्यात गेला.)

तर प्रॉब्लेम. हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच आणि तीन वर्षांपूर्वी मी स्वतः यात पुरता अडकलो होतो. .३५७ मॅग्नम (जास्त ताकदीचं काडतूस मारणारं रिव्हॉल्व्हर), मधल्या फ्रेमचं म्हणजे मध्यम सांगाड्याचं, ४ इंची बॅरल, स्टेनलेस, सेकंड हँड घेतलेलं. फुल लोड, म्हणजे पूर्ण ताकदीची काडतुसं मारायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला (सिलिंडर म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, तो तीन-चारदा रिकामा झाला की) बॅरल इतकं तापायचं की बोट टेकवता येत नाही, मग सिलिंडर फिरताना जड, ट्रिगर ओढायला जोर लावावा लागतो, आणि घरी येऊन साफ करताना दिसलं की बॅरलच्या मागच्या तोंडाच्या बरोब्बर वर, फ्रेमच्या वरच्या पट्टीला, नखाला लागेल अशी रेघ पडलेली. मी म्हटलं झालं, पावडर गरम आहे, गन खातेय.

माझी चूक काय झाली तर मी या तिन्ही गोष्टी एकच धरल्या. तापणं वेगळं, घट्ट होणं वेगळं, झिजणं वेगळं. तिघांत पावडरचा हात आहे पण प्रत्येकात वेगळ्या मापाचा.

घट्ट होतंय ते आधी सोडवा, कारण ते बहुतेक वेळा पावडरचं नसतंच

गन रिकामी करा, पूर्ण थंड होऊ द्या, सिलिंडरच्या सगळ्या खिडक्यांतून उजेड दिसतोय ना बघा, परत बघा. मग फिलर गेज घ्या, गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तेच. बॅरलचं मागचं तोंड आणि सिलिंडरचा पुढचा चेहरा यातली फट मोजायची, पण दोनदा. एकदा सिलिंडर बोटाने मागे दाबून धरून, एकदा पुढे ढकलून. दोन्हीतला फरक म्हणजे एंडशेक, म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे होणारी ढिलाई.

माझं मागे दाबून ६ थाउ आलं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ६ थाउ म्हणजे साधारण ०.१५ मिमी), ते छान आहे. पण पुढे ढकलून फक्त २ थाउ! म्हणजे एंडशेक ४ थाउ, आणि तो १ ते २ च्या आसपास असलेला बरा. आता गणित करा. सिलिंडरची लांबी साधारण १.६ इंच, स्टील एका डिग्रीला दहा लाखात ११ भाग वगैरे वाढतं, सिलिंडर ६० डिग्रीनं तापलं तर लांबी १ थाउच्या आसपास वाढणार. फ्रेम पण तापते पण ती नंतर, सावकाश. म्हणजे २ मधला १ गेला, उरलेल्या १ मध्ये काजळी आणि शिसं बसलं की सिलिंडर बॅरलला घासणारच, मग तुम्ही पावडर कुठलीही टाका. मी तोपर्यंत तीन डबे बदलले होते.

उपाय साधा होता. क्रेनच्या (सिलिंडर ज्यावर बसून बाहेर उघडतं तो हात) नळीवर बसणारी पातळ शिम, म्हणजे चकती मिळते, २ थाउची एक टाकली की सिलिंडर मागे राहतं, एंडशेक २ वर येतो आणि पुढची फट ४ होते. हाताला सवय नसेल तर गनस्मिथकडे द्या, महाग काम नाही. मी स्वतः केलं आणि केलं याचा अभिमान पण आहे, पण हेडस्पेस (काडतुसाच्या बुडामागची जागा) परत चेक केल्याशिवाय गोळी भरली नाही.

घट्ट होण्याचं दुसरं कारण तर आणखी फालतू आहे. स्लो, म्हणजे सावकाश जळणाऱ्या पावडरचे न जळलेले दाणे एक्सट्रॅक्टरच्या चांदणीखाली (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारा मागचा चांदणीच्या आकाराचा भाग) जाऊन बसतात, दोन-चार दाणे पुरे, चांदणी वर उचलली राहते आणि सिलिंडर मागच्या बाजूला घासतं. केस, म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी टरफलं काढताना बॅरल आभाळाकडे करून एकदम जोरात ठोका म्हणजे दाणे खाली पडतात, आणि खिशात जुना टूथब्रश ठेवा. हे पावडरमुळेच होतं हे मान्य, पण उष्णतेमुळे नाही.

आता तापण्याचं

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे प्रेशर कमी तर गन थंड. तसं नाहीये ओ. चुलीचं घ्या, कडबा टाकला की भसकन पेटतो आणि संपतो, बाभळीचा ओंडका टाकला की जाळ एवढा भडक दिसत नाही पण बंबातलं पाणी उकळतं. गन किती तापणार हे ठरतं एकूण किती पावडर जळली, तिची ज्वाळा किती गरम, आणि तुम्ही किती भरभर मारताय यावर. प्रेशर हा त्या क्षणाचा आकडा आहे, एकूण उष्णतेचा नाही.

थोडे आकडे बघा म्हणजे पटेल. .३५७ च्या फुल लोडमध्ये स्लो पावडर साधारण एक ग्रॅमच्या आसपास जळते. डबल बेस पावडरमध्ये, म्हणजे ज्यात नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरिन पण असतं तिच्यात, एका ग्रॅमला ४ ते ५ किलोज्यूल ऊर्जा असते. १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, १५८ म्हणजे साधारण १० ग्रॅम) गोळी सेकंदाला १२५० फूट वेगाने निघाली तर तिच्याकडे असतात जेमतेम ७४० ज्यूल. म्हणजे पाच-सहा भागातला एक भाग गोळीला, बाकीचा जाळ, आवाज, पुढचा तो दिवाळीसारखा भपका, आणि तुमच्या बॅरलमध्ये शिरलेली उष्णता. साध्या .३८ स्पेशलमध्ये (याच गनमध्ये चालणारं कमी ताकदीचं काडतूस) पाव ग्रॅम पावडर असते आणि गोळीला मिळतात २८० च्या आसपास ज्यूल. हिशोब लावा, मॅग्नममध्ये गोळीची ताकद अडीचपट होते पण जाळ चौपट. त्या शेवटच्या दीड-दोनशे फूट स्पीडसाठी आपण लई लाकूड घालतो.

मोजायचं असेल तर एक सावध करतो. लाल ठिपक्याचं इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टेनलेसवर चक्क खोटं सांगतं, चमकदार धातू उष्णता कमी सोडतो म्हणून आकडा खूप कमी दिसतो. मी पहिल्या दिवशी ३८ डिग्री बघून खूश झालो होतो, बोट लावलं आणि फोड आला. बॅरलवर काळ्या टेपचा किंवा मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर नेम धरून मोजा. आणि दर वेळी तेवढेच राउंड, तेवढ्याच वेळात, सावलीत. इथे जुलैत बाहेर ४३-४४ डिग्री असतं, टेबलावर उन्हात ठेवलेली गन गोळी न मारता पण चटका देते, त्यामुळे जुलैचा आकडा जानेवारीशी कम्पेअर करून पावडरला शिव्या घालू नका.

पावडरी एकेक

एच ११० आणि विंचेस्टर २९६. ही दोन वेगवेगळ्या डब्यातली एकच पावडर आहे, फ्लोरिडात सेंट मार्क्सला बनते. गोल दाण्याची बॉल पावडर, दाण्यांवर जळणं लांबवणारं कोटिंग, त्यामुळे पेटायला अवघड, मॅग्नम प्राइमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, जास्त जोराची) लागतो, टाईट क्रिंप लागतो म्हणजे केसचं तोंड गोळीवर घट्ट दाबावं लागतं. स्पीड जबरदस्त, भपका जबरदस्त, आणि चार्ज, म्हणजे एका काडतुसातली पावडर, मोठा म्हणून तापवते पण. आता नीट वाचा. गन थंड ठेवायला हिचा चार्ज कमी करायचा नाही. ती विकणाऱ्या हॉजडन कंपनीचीच वॉर्निंग आहे की छापलेल्या लोडपेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका.

मी गेलो होतो. शहाणपणा केला, म्हटलं कमी पावडर म्हणजे कमी उष्णता, सिंपल, आणि बरीच कमी केली. पाचव्या गोळीला धडामच्या ऐवजी फुस्स आवाज आला आणि बाजूच्या लेनवरचा म्हातारा जोरात ओरडला, थांब म्हणून. सिलिंडर उघडलं तर पिवळसर अर्धवट जळलेले दाणे सगळीकडे आणि गोळी फोर्सिंग कोनच्या (बॅरलचं मागचं पसरट तोंड) एक-दीड इंच पुढे बॅरलमध्ये अडकून बसलेली. मी पुढची मारली असती तर बॅरल फुगलं असतं नाहीतर फुटलं असतं. पितळी रॉडने ठोकून काढली, हात थरथरत होते खोटं का बोला, आणि उरलेली सगळी काडतुसं त्या रात्री एकेक करून उघडली. कमी लोड हवा असेल तर पावडर बदला, हिचा चार्ज नाही.

अलायंट २४००, ही १९३० च्या दशकापासूनची, .३५७ पेक्षाही थोडी जुनी. डबल बेसच आहे पण फुल लोडला चार्ज एच ११० पेक्षा कमी लागतो, साध्या प्राइमरवर चालते, आणि मॅन्युअलमध्ये सुरुवातीचा लोड ते मॅक्स यात खाली-वर जायला जागा आहे. थोडे दाणे न जळता राहतात, चालतंय. मला एकच डबा ठेव म्हणून सांगितलं तर मी हाच ठेवीन.

आयएमआर ४२२७, सिंगल बेस, नायट्रोग्लिसरिन नाही, त्यामुळे ज्वाळा तुलनेने थंड. स्पीड थोडा कमी, पण गन मवाळ वागते. तोटा म्हणजे कमी लोडमध्ये न जळलेल्या काड्या इतक्या राहतात की टेबलावर तीळ सांडल्यासारखं दिसतं, आणि मग वर सांगितलेला चांदणीचा त्रास. फिनलंडची विहताव्होरी एन ११० पण सिंगल बेसच, स्वच्छ जळते, फक्त पाकीट रिकामं करते आणि दुकानात दिसली की घ्यावी लागते.

लिल गन. हिच्याबद्दल भांडणं होतात. कागदावर स्वप्नातली पावडर, प्रेशर कमी आणि स्पीड एच ११० च्या तोडीचा. पण रिव्हॉल्व्हरवाल्यांची जुनी तक्रार आहे की हिने बॅरल जास्त तापतं आणि कोन लवकर खरखरीत होतो, आणि माझा पण अनुभव तोच, टेप लावून मोजलं तेव्हा सारख्याच राउंडना ही २४०० पेक्षा स्पष्ट पुढे होती. एका गनवरचा एका माणसाचा अनुभव आहे, तेवढाच धरा. मी ती .४१० शॉटगनच्या कामासाठी ठेवलीय, मुळात तिथलीच ती.

आणि मग मधल्या वेगाच्या पावडरी, युनिक, एचएस ६ वगैरे. यांनी फुल मॅग्नम होत नाही, पण १५८ ची गोळी हजार-अकराशे फुटांनी जाते आणि पावडर निम्म्याच्या आसपास जळते. कागदावर भोकं पाडायला आणि स्टीलच्या प्लेटा वाजवायला अजून काय पाहिजे? यात धोका उलट्या बाजूचा आहे, चार्ज छोटा असल्यामुळे केसमध्ये चुकून दोनदा पडला तरी मावतो, तेव्हा गोळी बसवायच्या आधी ट्रेमधल्या प्रत्येक केसमध्ये टॉर्च मारून बघायचं. मी मुद्दाम इथे चार्जचे आकडे देत नाहीये. ते पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्या, माझ्यासारख्या कुणाच्या पोस्टमधून घेऊ नका, आणि सुरुवात खालच्या लोडपासून.

झीज: इथे पावडरपेक्षा गोळीचं वजन जास्त बोलतं

वरच्या पट्टीची रेघ. ती पडते फटीतून बाजूला उडणाऱ्या गॅसमुळे, गॅस कटरने पत्रा कापतो तसंच तत्त्व, फक्त एका क्षणापुरतं. बहुतेक गनमध्ये ती सुरुवातीला पडते, थोडी खोल होते आणि मग थांबते, कारण धातू लांब गेला की ज्वाळेचा जोर उरत नाही. फोटो काढून ठेवा, पाचशे राउंडनी परत काढा, वाढत नसेल तर विसरा. माझी तीन वर्षं तिथेच आहे. पण गंमतीत घेऊ नका, १९८३ च्या सुमारास रुगरचं .३५७ मॅक्झिमम आलं होतं, लांब केस, पावडर ढीगभर, आणि लोकांनी त्यात हलक्या गोळ्या पळवल्या तेव्हा पट्टी कापली जातेय म्हणून एवढी बोंब झाली की ते मॉडेल बंद पडलं.

खरी काळजी फोर्सिंग कोनची. गोळी सिलिंडरमधून उडी मारून बॅरलमध्ये शिरते ते नरसाळ्यासारखं तोंड. तिथला स्टीलचा अगदी वरचा पातळ थर क्षणभर प्रचंड तापतो, परत थंड होतो, आणि हे हजारो वेळा झालं की उन्हाळ्यात तळ्याचा तळ भेगाळतो तशा बारीक भेगा दिसायला लागतात. हलकी, १२५ ग्रेनची गोळी आखूड असते, तिच्यामागे पावडर जास्त भरलेली असते, ती कोन नीट बंद करायच्या आत गॅस पुढे निघून जातो आणि वरून ती वेगात येऊन आदळते. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. १९५५ साली आलं, हलकं, सुबक, पण क्रेनला जागा द्यायला कोनची खालची बाजू घासून सपाट केलेली, म्हणजे बरोब्बर सहाच्या काट्यावर भिंत पातळ. जुन्या काळी लोक .३८ ने सराव करायचे आणि मॅग्नम फक्त ड्युटीला भरायचे तोवर ठीक चाललं, मग पोलिसांचा सराव पण १२५ च्या फुल मॅग्नमने व्हायला लागला आणि तिथे क्रॅक जायला लागले. १९८०-८१ ला कंपनीने जाडजूड एल फ्रेम काढली, मॉडेल ५८६ आणि ६८६, ती यावरचीच. त्यांच्या अगदी हलक्या स्कँडियम फ्रेमच्या .३५७ वर तर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी मॅग्नममध्ये वापरू नका असं लिहिलेलंच असतं आणि वरच्या पट्टीखाली स्टीलची छोटी ढाल बसवलेली असते.

तेव्हा तुमचं मधल्या फ्रेमचं असेल तर पावडरचा डबा बदलायच्या आधी १२५ सोडा आणि १५८ वर या. रिकॉइल, म्हणजे मागे बसणारा धक्का, थोडा ढकलल्यासारखा वाटेल, सवय होते. मी हा बदल केला आणि त्याच २४०० वर कोनमधली खरखर वाढायची जवळपास थांबली. भेग आणि शिसं यात गोंधळ पण करू नका, माझ्या ओळखीच्या एकाने कोनला तडा गेला म्हणून गन विकायला काढली होती, पितळी जाळीच्या लुईस लेड रिमूव्हरने चार वेळा घासल्यावर तडा निघून गेला! साफ करून, सॉल्व्हंटने पुसून, भिंगातून सहाच्या काट्यावर बघा. खरी भेग असेल तर पुढची गोळी मारायची नाही, थेट गनस्मिथ.

सध्या माझं रुटीन असं चालतं. शंभरातले ऐंशी राउंड युनिकचे मिडियम, वीस २४०० चे फुल, सगळे १५८. दोन सिलिंडर मारले की गन उघडी ठेवून बॅरल वर करून पाच मिनिटं पाणी पीत बसतो, घाई कसली आहे. महिन्यातून एकदा फट मोजतो, पुढे ढकलून आणि मागे दाबून, आणि वहीत लिहितो. परवा पुढची ४ ची साडेतीन झालीय. अजून कमी झाली नाही तर बरं, तीनवर आली की अजून एक शिम.

आणि मला विचारायचं असेल तर नुसतं "गन तापते" असं लिहू नका. बॅरलची लांबी, गोळीचं वजन, पावडर, किती मिनिटांत किती राउंड, आणि फटीचे दोन्ही आकडे, थंड असताना आणि घट्ट झाली त्या क्षणी, एवढं पाठवा. गरम असताना मोजायला फिलर गेज रेंजवर न्यावं लागेल, मी टिफिनच्या पिशवीतच ठेवतो.